किंगरी आणि भोंगा

आमच्या घरी नाथजोगी यायचा तो उलंगवाडी झाल्यावर. पऱ्हाटीची शेवटची वेचणी घरात आली, तुरी खळ्यावर पडल्या, की माघाच्या आसपास एखाद्या सकाळी वेशीकडून घुंगरांचा बारीक आवाज यायचा. माय सुपात ज्वारी काढून ठेवायची. बाबा म्हणायचे, "आला वाटते जोगी. पोट्टेहो, सतरंजी टाका ओसरीत."

माझं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, जमीन काळी, पावसाळ्यात पाय निघत नाही अशी. त्यामुळे भिक्षेकरी, गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, जे कोणी यायचे ते रस्ते वाळल्यावरच. त्या सगळ्यांत आम्हा पोरांना जोगी आवडायचा, कारण त्याच्याजवळ किंगरी होती.

ही किंगरी शहरच्या वाचकांनी बहुतेक पाहिली नसेल, म्हणून सांगतो. आमच्या जोग्याची किंगरी म्हणजे नारळाच्या मोठ्या करवंटीवर बकऱ्याचं कातडं मढवलेलं, तिच्यातून आरपार गेलेला हातभर बांबू, आणि बांबूच्या टोकाला दोन खुंट्या. एक तार लोखंडी, दुसरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची. वाजवायचा गजही घोड्याच्याच केसांचा, त्याला राळ घासलेली, आणि गजाच्या टोकाला पाच-सहा घुंगरं. गज फिरला की सूर निघायचा आणि हाताच्या हिसक्याने घुंगरं ताल धरायची. म्हणजे साथीदार वेगळा लागत नव्हता. एकट्या माणसाने गाव हिंडायचं तर वाद्य असंच पाहिजे.

किंगरी काही एकट्या नाथजोग्यांची नाही. डक्कलवार समाजाची किंगरी आहे, तिच्यावर ते पुराण आणि वंशावळी सांगतात. इकडे यवतमाळ-चंद्रपूरकडे गोंडांच्या कथा गाणारे परधान आहेत, त्यांच्या तंतुवाद्याला किकरी म्हणतात. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात किन्नरी नावाची वीणा आहे. ती पडद्यांची, बोटाने छेडायची; आमची गजाची. पण नावं शेजारशेजारची आहेत. सांगायचं एवढंच, की हे वाद्य भीक मागायला काल कोणी जोडलेलं नव्हे.

जोगी गोपीचंदाची कथा लावायचा. राजा गोपीचंद न्हायला बसला आहे, वरून आई मैनावती त्याचं देखणं शरीर पाहते, हे एक दिवस मातीत जाणार म्हणून तिचा अश्रू त्याच्या अंगावर पडतो, तो भाग आला की ओसरीतल्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. जोगी मान खाली घालून, किंगरी छातीशी धरून गायचा. तोंड लोकांकडे नाही, किंगरीकडे. माझ्या डोळ्यांपुढे तो आजही तसाच आहे. पुढे जे झालं ते त्या मान खाली घालण्यामुळेच झालं, हे समजायला मला चाळीस वर्षं लागली.

आता भोंग्याचं सांगतो.

आमच्या बाबाच्या सांगण्याप्रमाणे गावात पहिला भोंगा आला तो १९५२ च्या निवडणुकीत. वीज नव्हती. बैलबंडीवर मोटारीची बॅटरी, तिच्याशेजारी मशीन, आणि बंडीच्या उभ्या दांड्याला बांधलेला कर्णा. लोक भाषण ऐकायला कमी आणि कर्णा पाहायला जास्त जमले. एक म्हातारी कर्ण्याच्या मागं जाऊन माणूस कुठं लपला ते पाहून आली म्हणतात.

देशात त्याच्या आधी वीसेक वर्षांपासून भोंगा सभेला लागला होता. मुंबईच्या मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ कंपनीने १९३१ च्या कराची काँग्रेसला ध्वनिक्षेपक लावले. गांधीजींचा आवाज लहान, सभा हजारोंच्या. त्या कर्ण्यांशिवाय मागच्या माणसाला नुसते ओठ हलताना दिसले असते. पुढे दिल्लीची १९४० मध्ये सुरू झालेली अहुजा कंपनी आली आणि तिचं नाव माईकवाल्यांच्या तोंडी इतकं बसलं, की आमच्याकडे काही लोक मशीनलाच 'आहूजा' म्हणू लागले.

म्हणजे भोंगा आला तो बोलण्यासाठी. हे लक्षात ठेवायला पाहिजे. लोखंडी कर्णा माणसाच्या बोलण्याची मधली पट्टी लांब फेकतो. जाड खालचा आवाज त्याच्यातून निघत नाही, आणि बारीक आवाज निघतो तो कर्कश होऊन निघतो. भाषणाला, दवंडीला, हरवलेल्या पोराची खबर द्यायला त्याच्यासारखं साधन नाही. गाण्याला, त्यातही तारेच्या वाद्याला, तो बेताचाच.

वाद्य आणि यंत्र यांचं हे भांडण साऱ्या जगात झालं आहे. सुरुवातीच्या ग्रामोफोनच्या काळात विजेचा माईक नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या धक्क्याने सुई तबकडी कोरायची. कलकत्त्याला १९०२ मध्ये गौहरजानचं गाणं घेतलं ते असंच. त्या पद्धतीत व्हायोलिन ऐकूच यायचं नाही. म्हणून लंडनच्या स्ट्रो नावाच्या कारागिराने १८९९ मध्ये लाकडी पेटी काढून टाकून व्हायोलिनला धातूचा कर्णाच जोडला. यंत्राला वाद्य ऐकू येईना, तर वाद्यच बदलून टाकलं. १९२५ च्या सुमारास विजेचा माईक रेकॉर्डिंगला आला तेव्हा ती कटकट सुटली.

आमच्या जिल्ह्यात दोन मोठे लोकशिक्षक होऊन गेले. गाडगेबाबा खापराचे तुकडे वाजवून, नाहीतर दगडावर दगड आपटूनही कीर्तन उभं करायचे. तुकडोजी महाराजांची खंजिरी होती. खंजिरी म्हणजे थाप, आणि थाप कोणत्याही माईकमधून निघते. मोझरीला, पंढरपूरला, १९५५ मध्ये जपानपर्यंत ती खंजिरी गेली. भोंग्याच्या जमान्यात खंजिरी, ढोलकी, टाळ तगले. किंगरी मागं पडली. त्यात तिचा गुन्हा एकच, तिचा आवाज लहान होता.

१९७३ सालची गोष्ट. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. आदल्या साली दुष्काळ होऊन गेला होता. शाळेची एक खोली पडायला आली होती, तिच्या वर्गणीसाठी मंडळाने रात्रीचा कार्यक्रम ठरवला: भजन, पोवाडा आणि नंतर जोग्याचा गोपीचंद. जोग्याला कबूल करायला मीच बाबाबरोबर गेलो होतो. तो म्हणाला, "ओसरीत गातो न जी मी. मांडवात कायले?"

बाबा म्हणाले, "सारं गाव आयकन बुवा. भोंगा लावनार हाये."

जोगी खूष झाला. त्याने नवी राळ आणली, कातडं उन्हात दाखवून आवळून घेतलं.

माईकवाला तालुक्याहून आला होता. त्याचं नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. एकच माईक, एक मशीन, दोन भोंगे. मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "तू मशीनपाशी बस. मी सांगतो तसं बटन फिरव." माईकवाला जेवायला गेला, मी खुर्चीवर बसलो. त्या रात्री गावात माझ्याएवढा मोठा कोणी नव्हता.

भजन झालं, पोवाडा झाला. मग जोगी उठला. माईकचा दांडा त्याच्या तोंडासमोर उभा केला. त्याने सवयीने मान खाली घातली, तर अध्यक्ष ओरडले, "बुवा, मान वर करा, माईकमंदी बोला!" त्याने मान वर केली. किंगरी राहिली खाली, पोटाशी. भोंग्यातून नुसतं तोंड ऐकू येऊ लागलं, किंगरी गायब. मागून लोक ओरडले, "वाजा आयकू नाई येऊन रायला!" मग माईक खाली, किंगरीपाशी धरला. आता घुंगरं छनछन करू लागली, गजाची खरखर निघाली, तोंड गायब झालं. मी बटन वाढवलं. भोंगा मांडवाच्या मागल्या बाजूला, तोंड आमच्याकडेच. कुईं करून अशी शिट्टी उठली की लहान पोरं रडायला लागली. लोक हसले.

अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "बंद कर रे थे कुईंकुईं. नुसतं तोंड चालू ठेव."

मी माईक वर करायला लावला आणि बटन इतकं वाढवलं की जोग्याच्या स्वतःच्या आवाजाने त्याचे स्वतःचे कान भरले. त्याला किंगरी ऐकू येईना. ज्या सुरावर तो जन्मभर गात आला तो सूरच त्याच्या कानापासून काढून घेतला होता. त्याचा आवाज घसरला. मैनावतीच्या अश्रूपाशी तर पार बेसूर झाला. पोट्टे शिट्ट्या मारू लागले. मीही हसलो. खुर्चीवर बसलेला माणूस हसतोच.

त्याने कथा अर्ध्यातून थांबवली, किंगरीला फडकं गुंडाळलं आणि खाली उतरला. रात्री आमच्या ओसरीत निजायला आला नाही. पुढच्या माघात आला तो शेजारच्या गावापर्यंत. आमच्या वेशीत तो परत आला नाही. माय दोन-तीन वर्षं सुपात ज्वारी काढून ठेवत होती.

मी नव्या दहावीच्या सुरुवातीच्या बॅचमधला. दहावी झालो आणि वावरात लागलो. गावात वीज आली, घरोघर रेडिओ आले. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ पासूनचं, पण आमच्या घरात त्याचा आवाज आला तो आता. मग कॅसेट आल्या. गोपीचंदाची गोष्ट दहा-वीस रुपयांत टेपवर मिळू लागली, पेटी आणि ढोलकीच्या साथीने. किंगरी तिच्यात नव्हती. पुढं डीजे आला. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद झाला. नियम चांगला आहे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना झोप मिळते. पण गोपीचंद रात्री अकराला सुरू होऊन पहाटे संपायचा. दहाच्या आत तो बसेना.

राजस्थानात गोष्ट वेगळी घडली. कोमल कोठारी नावाच्या माणसाने बोरुंदा गावी १९६० मध्ये रूपायन संस्थान काढलं, लंगा आणि मांगणियार गायकांना हेरलं, त्यांचं गाणं टेपवर घेतलं आणि त्यांना सारंगी-कमायचासकट मंचावर नेलं. आज मांगणियारांचा कमायचा परदेशात ऐकला जातो. तोही कातड्याचा, तोही गजाचा. आमच्या किंगरीपेक्षा मोठा खरा, पण गोत्र तेच. तिकडं कोणीतरी आधी कान देऊन ऐकलं आणि मग मंच बांधला. आम्ही आधी मंच बांधला.

२०१४ च्या हिवाळ्यात अमरावतीला लोककलेचा एक कार्यक्रम ठरला. माझा पुतण्या साऊंडचं काम करतो, मांडवापासून मिक्सरपर्यंत सगळं त्याचं. तो घरी येऊन म्हणाला, "काका, एक जोगी पोट्टा हाये त्याच्यात, किंगरीवाला. मी आजवर किंगरीले माईक नाई लावला. कसा लावू?"

मी विचारलं, कोणत्या गावचा? त्याने सांगितलं. आमच्याच जोग्याचा नातू होता.

मी पुतण्याला म्हणालो, त्याला आदल्या दिवशी आपल्या घरी बोलाव. माईकचं काय ते रात्री पाहू, आधी कानाने ऐकू.

पोरगा आला. पंचविशीतला, ट्रॅक्टरवर ड्रायव्हरकी करणारा. किंगरी तीच, आज्याची. करवंटी काळी पडलेली, कातडं नवं. ओसरीत बसवला, वाजव म्हटलं. पुतण्या आणि मी वाद्याभोवती कान लावून फिरलो. कातड्यासमोर वीतभर अंतरावर सूर भरलेला, पण गज करकरे. वर दांडीपाशी गेलं तर बोटांची घासघूसच जास्त. करवंटीच्या मागं भोक होतं, तिथं नुसता घुमारा. आणि गजाच्या टोकाच्या बाजूला गेलं तर घुंगरांपुढं दुसरं काही नाही. एवढ्याशा वाद्याचे चार बाजूंना चार आवाज, आणि ओसरीत बसलेल्या माणसाच्या कानात ते मिळून एक होतात. १९७३ साली आम्ही माईक नेमका घुंगरांपाशी धरला होता.

पुतण्याने आधी चिकटवायचा पिकअप कातड्याच्या काठावर लावला. भोंगा शिट्टी मारेना, पण आवाज निघाला तो रिकामा डबा वाजवल्यासारखा. आणि बोट तारेवर टेकलं की धप्प. शिवाय त्या चकतीच्या वजनाने कातडंच दबलं. काढला. मग कॉलरचा माईक सदऱ्याला लावला, तर सदऱ्याची फडफड आणि गळाच जास्त. तोही काढला.

शेवटी त्याच्याजवळ वाकणाऱ्या दांडीचा एक लहान कंडेन्सर माईक होता, मिक्सरमधून अठ्ठेचाळीस व्होल्ट देऊन चालणारा. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तो आम्ही किंगरीच्या बांबूलाच खालच्या अंगाला बांधला. तोंड कातड्याच्या काठाकडे, चार बोटं अंतर, घुंगरांकडे पाठ. ट्यूबच्या रबरामुळे बांबूचे धक्के माईकपर्यंत जाईनात. वाद्य हलेल तिकडं माईक हलू लागला. पोरगा उठला, फिरला, मान खाली घालून वाजवू लागला. आवाज तोच राहिला.

तोंडाचा माईक वेगळा. तो समोर उभा न करता डाव्या बाजूने खालून तिरपा घेतला, म्हणजे मान खाली घातली तरी चालेल. पुतण्याने त्यांचा एक ठोकताळा सांगितला: माईक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांत पाहिजे, नाहीतर एकच आवाज दोघांत शिरतो आणि विरतो. मोठे स्पीकर माइकांच्या पुढं ठेवायचे, तोंड लोकांकडे. शिट्टी म्हणजे दुसरं काही नाही, स्पीकरचा आवाज माईकमध्ये आणि माईकचा परत स्पीकरमध्ये, असं फिरत राहणं.

मी एकच गोष्ट सुचवली. पोराच्या पायाशी जो लहान मॉनिटर ठेवतात, त्याच्यात त्याचं तोंड घालू नको, नुसती किंगरी दे. पुतण्या म्हणाला, "काऊन काका? सारे तं आपलाच आवाज मागतात."

मी म्हटलं, "ह्याले मागाची गरज नाई. किंगरी आयकू आली म्हंजे झालं. थे नाई आली तं मानूस बुडते."

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी आणखी एक अडचण आली. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने कातडं ताणलं आणि सूर चढला. पोराने खुंटी सैल केली. मग रात्री दव पडू लागलं, सूर उतरला, पुन्हा आवळली. निवेदक घाई करत होता. पुतण्या त्याला म्हणाला, दोन मिनिटं थांबा. आणि किंगरीचं बटन फार वाढवलंच नाही. साथीला बसवलेली ढोलक आणि कीबोर्ड तेवढे कमी केले. हे मला पटलं. विहिरीला पाणी कमी असलं तर मोटर मोठी लावून काय उपयोग, आधी फुटलेले दंड बांधावे लागतात.

पोराने गोपीचंद गायला, पंचवीस मिनिटांत बसवून. गाणं आज्यासारखं नव्हतं, कडवी विसरला, मधल्या जागा रिकाम्या गेल्या. पण किंगरी मागच्या खुर्चीपर्यंत गेली. मी मुद्दाम मागं जाऊन उभा राहिलो होतो. मैनावतीच्या जागेवर पोराने मान खाली घातली आणि सूर जागेवर राहिला.

कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना मी त्याला १९७३ ची सगळी गोष्ट सांगितली. मशीनपाशी बसलेला पोट्टा मीच होतो, हेही सांगितलं. तो कपाकडे पाहत म्हणाला, "आबा सांगत होते जी थे. दर वर्षी सांगत. म्हनत, मांडवात गाऊ नोको, आपला वाजा तिथं मरते. म्हनून माह्या बापानं किंगरी हाती नाई घेतली."

मी काही बोललो नाही. काय बोलणार? एका रात्रीच्या एका बटनाने मधली एक पिढी गेली होती. नातू जे शिकला ते आज्याच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत, शाळा सुटल्यावर, जमेल तेवढं. बाकीची कडवी आज्याबरोबर गेली. ती आता कोणत्याही माइकाने परत येत नाहीत.

गावोगावी कार्यक्रम घेणाऱ्या मंडळांना म्हणून सांगतो. एखादा जोगी, गोंधळी, परधान, डक्कलवार आपल्या मंचावर आला आणि त्याचं वाद्य माईकवाल्याच्या ओळखीचं नसलं, तर कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास त्याला द्या. भोंगा बंद ठेवून वाद्य नुसत्या कानाने ऐका. आवाज कुठून निघतो ते वाजवणाऱ्यालाच विचारा, त्याला माहीत असतं. तो बसतो कसा, मान कुठं घालतो, त्याला स्वतःला काय ऐकू यायला पाहिजे, हे पाहा. माणसाला माइकाप्रमाणे वाकवू नका, माईक वाकतो. आणि बटनापाशी तेरा वर्षांचा पोट्टा बसवू नका.

तो नातू आता माघात आमच्याकडे येतो, मोटरसायकलवर, किंगरी पाठीला बांधून. मी त्याच्या आज्याची ऐकलेली कडवी आठवतील तशी वहीत लिहून ठेवतो आणि त्याला देतो. गेल्या खेपेपर्यंत एकवीस झाली. माय आता नाही. सुपात ज्वारी माझी बायको काढून ठेवते.